तिसऱ्या सहीची गाठ

४ जून

प्रति,
सचिव, निधी समिती,
नवीन आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रम योजना

विषय : 'गाठ' या नव्या अभ्यासक्रमासाठी निधी मिळणेबाबत

महोदय,

मी गणित विभागात अठरा वर्षे शिकवते. गणितात गाठींचा अभ्यास करणारी एक स्वतंत्र शाखा आहे. आमच्या मागच्या इमारतीत, वस्त्रविद्या विभागात, विणकाम शिकवणाऱ्या बाई दिवसभर गाठी मारतात. आवारातल्या रस्त्यापलीकडे वैद्यकीय महाविद्यालयात टाके घालताना त्याच गाठी मारल्या जातात. तिन्ही इमारतींना फाटक एकच आहे आणि तिथली माणसे एकमेकांना ओळखत नाहीत. त्यांना वर्षभर एका वर्गात बसवावे, एवढाच माझा प्रस्ताव आहे.

नियम चारप्रमाणे तीन विद्याशाखांच्या विभागप्रमुखांच्या सह्या लागतात. गणिताची आणि वस्त्रविद्येची सोबत जोडली आहे. शल्यचिकित्सा विभागप्रमुखांना दोन पत्रे पाठवली, उत्तर आलेले नाही. तिसरी सही मागाहून देण्याची मुभा मिळावी, ही विनंती.

एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. विद्यार्थी कमी म्हणून विणकामाचे वर्ग बंद होण्याच्या बेतात आहेत आणि बाईंची नेमणूक या वर्षअखेर संपते. हा अभ्यासक्रम मंजूर झाला तर त्या राहतील आणि मागाची खोलीही राहील. प्रस्ताव मी त्यासाठी केलेला नाही. पण आता ते माझ्या मनातच नाही असे म्हटले तर खोटे होईल. तसेच, प्रस्तावात 'अत्यंत महत्त्वाचा विषय' असे मी दोनदा लिहून दोनदा खोडले. विषय महत्त्वाचा आहे. 'अत्यंत'ची मला खात्री नाही.

आपली,
व्याख्याती, गणित विभाग


११ जून

प्रति,
व्याख्याती, गणित विभाग

आपला प्रस्ताव मिळाला. तिसऱ्या विद्याशाखेची सही ३१ जुलैपर्यंत सादर करावी. तसे न झाल्यास प्रस्ताव निकाली काढण्यात येईल व मागाची खोली उत्तरपत्रिका ठेवण्यासाठी परीक्षा विभागाच्या ताब्यात देण्यात येईल. सही मिळाल्यास २ ऑगस्ट रोजी समितीपुढे प्रत्यक्ष मांडणी करावी.

नियम सातकडे लक्ष वेधण्यात येते. निर्णय होईपर्यंत प्रस्तावाचा विषय विद्यापीठाबाहेरील कोणासही कळवू नये. (गेल्या वर्षी एक विषय शेजारच्या विद्यापीठात आपल्या आधी सुरू झाला.)

प्रस्तावातील आकृती ३ व आकृती ४ समितीस एकसारख्याच दिसतात. त्या वेगळ्या असल्यास तसे पटवून द्यावे.

सचिव, निधी समिती


१८ जून

प्रिय मावशी,

साष्टांग नमस्कार. गुडघा धरलाय म्हणून तूर्त उभ्यानेच.

फोन करणार होते, पण तूच म्हणतेस की फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने भरतेस. मागच्या वेळी मी 'धाकटी पळण्यात पहिली आली' म्हटलं, तू 'धाकटी पळून गेली' ऐकलंस आणि तासाभरात सगळ्या गोतावळ्याचे मला फोन. तेव्हा पत्रच बरं.

एक गोष्ट सांगायची आहे आणि सांगता येत नाही. तसा नियम आहे. नवऱ्यालाही मोघमच बोललेय. तुला एकच शब्द सांगते आणि तेवढ्यानेही नियम मोडतो की काय, याचा विचार करण्यात माझी कालची दुपार गेली. शब्द आहे, गाठ. पुढचं विचारू नकोस.

सात महिने झाले. आधी अगदी बारीक वाटली होती. बघत गेले तशी मोठी होत गेली. दोन ठिकाणी आहेच, आता तिसऱ्या ठिकाणी पोचली की समिती बसेल. ३१ जुलैच्या आत काय ते व्हायला हवं, नाहीतर सगळं संपलंच. सर्जरीच्या मुख्य डॉक्टरांना मी दोनदा लिहिलं, त्यांचं उत्तर नाही. तू चाळीस वर्षं ऑपरेशन थिएटरात सिस्टर होतीस, म्हणून विचारते. हे लोक पत्राला उत्तर का देत नाहीत? की माझंच चुकतं? पहिलं पत्र फार लांब झालं होतं आणि दुसरं फार तुटक.

तू कशी आहेस? गच्चीत अजून रोज चादरी वाळत घालतेस ना?

तुझी,
शंकासूर


२३ जून

शंकासुरा,

आशीर्वाद. नमस्कार उभ्याने केलास ते फार छान झालं. काही दिवस वाकूच नकोस.

पत्र तीनदा वाचलं. तू जास्त लिहिलं नाहीस, मीही लिहीत नाही. माझी शेजारीण माझं टपाल माझ्याआधी वाचते. पण सांगते ते कान देऊन ऐक.

घाबरायचं नाही. मी आयुष्यात इतक्या बघितल्यात की मोजायचं सोडून दिलं. बहुतेक साध्या असतात. ज्या नसतात, त्यांनाही वेळेवर हात घातला की सुटका होते. माणूस 'बघू, होईल आपोआप' म्हणत बसतो, तिथे घोटाळा. त्यात शिकलीसवरलेली माणसं सगळ्यात पुढे. कडा कशा आहेत ते बघ. तारीख घालून आकार लिहून ठेव. आणि ती तिसऱ्या ठिकाणी पोचू द्यायची नाही. पुन्हा लिहिते, पोचू द्यायची नाही.

समिती कसली बसवतात मेले! आमच्या वेळी एक सर्जन बघायचा आणि काय ते सांगून टाकायचा. तुझे ते मुख्य डॉक्टर म्हणजे माझे साहेबच की. बावीस वर्षं त्यांच्या हातात दोरा ओवलेली सुई मी ठेवली. ते उत्तर देत नाहीत, कारण पाकीटच उघडत नाहीत. माझं अक्षर दिसलं की उघडतील. बघते मी काय करायचं ते.

आणि नवऱ्याला मोघम काय सांगतेस? लग्न मोघम केलं होतंस का?

माझं बरं चाललंय. डावा खांदा जरा कुरकुरतो म्हणून दोरी हातभर खाली बांधून घेतली. चादरी फरशीला लागतात. लागू देत.

मावशी


२९ जून

प्रिय मावशी,

तुझ्या पत्राने केवढा धीर आला! तुला या विषयात इतकी गती असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. 'वेळेवर हात घातला की सुटका होते' हे मी वहीत उतरवून घेतलं. आमच्याकडे एवढंच सांगायला लोकांना तीनशे पानं लागतात.

कडांचं विचारतेस, तर तिला कडा नाहीतच. टोकाला टोक जुळलेलं आहे आणि सहा जागी ती स्वतःवरूनच गेलेली आहे. रोज तारीख घालून लिहून ठेवते. ते मी आधीपासूनच करत होते, माझा स्वभाव तुला माहीत आहे.

एक मात्र कळलं नाही. तिसऱ्या ठिकाणी पोचू द्यायची नाही, असं का? अगं, ती तिथे पोचावी म्हणून तर मी देव पाण्यात घालून बसलेय. खरं सांगू? मला तिचा लळा लागलाय. सकाळी डोळे उघडले की आधी तीच आठवते. परवा मागवाल्या बाईंना दाखवली. (आमच्या मागच्या इमारतीत असतात. आडनावापेक्षा त्यांना हेच नाव आवडतं.) त्यांनी चिमटीत धरून दोन्हीकडून ओढून बघितली आणि म्हणाल्या, "पक्की आहे हो. आता हिला हलवू नका."

साहेबांना लिहू नकोस, मावशी. तो वशिला होईल. माझ्या दोन पत्रांवर जे व्हायचं ते होऊ दे.

नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "छान आहे की. पण त्यापायी जेवणाच्या टेबलावर पसारा नको."

तुझी,
शंकासूर

ता. क. खांदा कुरकुरतो म्हणजे नक्की काय होतं?


३ जुलै

शंकासुरा,

कोण ही मागवाली? डॉक्टर आहे का? तिला पुन्हा हात लावू देऊ नकोस.

तुझ्या नवऱ्याशी मी नंतर बोलेन. पसारा म्हणे.

लळा लागलाय हे वाचून मी खुर्चीतच बसले. असं होतं माणसाला, मला कळतं. पण ते कौतुक पुरे.

साहेबांना आजच लिहिलं. वशिला-बिशिला ठेव तुझ्या कपाटात. खांद्याचं काही नाही.

मावशी


११ जुलै

प्रिय मावशी,

आधी जे घडलं ते घडलं तसं लिहिते. काय लिहावं आणि काय गाळावं याचा विचार करत बसले तर पत्र जायचंच नाही.

मंगळवारी दुपारी आमच्या विभागाच्या खोलीत मी आणि संख्याशास्त्राचे सर पेपर तपासत होतो. दार न वाजवता एक उंच गृहस्थ आत आले, हातात काळी बॅग. म्हणाले, "सिस्टरची भाची कोण?"

मी हात वर केला. अगदी वर्गातल्यासारखा.

"बाकीच्यांनी बाहेर जा." सर चहाचा कप घेऊन मुकाट उठले. सतरा वर्षांत मी त्यांना असं निमूट जाताना पाहिलेलं नाही. साहेबांनी दार लावलं, बाह्या वर केल्या, "हात कुठे धुवायचे?" विचारलं. मी म्हटलं, बेसिन खालच्या मजल्यावर आहे. त्यांनी बॅगेतली बाटली काढून हात चोळले. मला वाटलं, किती स्वच्छतेची माणसं ही, सही करायलासुद्धा!

"कधीपासून आहे?"

"नोव्हेंबरपासून."

"दुखते?"

"मला नाही. आमच्या विभागप्रमुखांना दुखते."

"वाढली?"

"खूप. आधी एकाच तासाची होती, आता वर्षभराची झालीय."

"बाई," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "गाठ कुठे आहे?"

"फळ्यावर," मी म्हटलं. "आणि एक कपाटात."

मावशी, ते फळ्याकडे बघतायत, मी त्यांच्या हाताकडे बघतेय, आणि मग तुझी दोन्ही पत्रं माझ्या डोळ्यांपुढून सरसर गेली. कडा. आकार. पोचू द्यायची नाही. सात महिने मी त्या शब्दाकडे एकाच बाजूने बघत होते. त्याला दुसरी बाजू आहे आणि माझी मावशी जन्मभर त्या बाजूला उभी होती, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी तोंडावर हात धरला. साहेब खुर्चीत बसले आणि असे हसले की संख्याशास्त्राच्या सरांनी दार उघडून, "सगळं ठीक आहे ना?" विचारलं.

तर आता नियम सात मोडून सांगते. (मोडल्याचं समितीलाही कळवलं आहे.) मला काहीही झालेलं नाही. मला गाठींवर एक अभ्यासक्रम सुरू करायचाय, दोऱ्याच्या गाठींवर. त्यासाठी विद्यापीठ निधी देतं, पण तीन विभागांच्या सह्या मिळाल्या तरच. तिसरं ठिकाण म्हणजे सर्जरी विभाग. 'एका जागी राहू द्यायची नाही' असं विद्यापीठाचंच म्हणणं आहे.

हसणं संपल्यावर साहेब फळ्यापाशी गेले. आकृती तीन आणि चारपुढे बराच वेळ उभे राहिले. "आमची नवी पोरं तिसरी बांधायची तिथे चौथी बांधतात," म्हणाले. "दिसायला तीच. दोन दिवसांनी टाका सरकतो आणि बोलणी मी खातो. हे कोणीतरी शिकवायलाच हवं होतं." आणि सही केली. मी म्हटलं, "सर, तुम्ही गैरसमजातून इथे आलात. ही सही घ्यावी की नाही, मला कळत नाही." ते म्हणाले, "आलो गैरसमजाने. सही समजून केलीय."

मागवाल्या बाईंना सांगायला मी जिना धावत उतरले. त्यांनी माग थांबवला नाही, नुसता चष्मा पुसला आणि उरलेली ओळ पुरी केली.

इथपर्यंत हसायचं होतं. आता हे.

जाताना साहेब दारात थबकले आणि त्यांनी तुझं पत्र माझ्यापुढे धरलं. "रुग्णाचं पत्र मी दुसऱ्याला दाखवत नाही. पण यात रुग्ण तुम्ही आहात, तेव्हा वाचा." तू लिहिलं आहेस, 'डाव्या काखेत, लिंबाएवढी, दुखत नाही, हलते, पाच महिने.'

मी तुला काख लिहिली नव्हती. डावी-उजवी लिहिली नव्हती. आणि मी सात महिने म्हटलं होतं.

मावशी, हे कोणाचं आहे?

तुझी,
शंकासूर


१५ जुलै

शंकासुरा,

गाढवे, आधी पोटभर शिव्या घे. दोऱ्याची गाठ म्हणायला काय झालं होतं? एक शब्द जास्त! मी तुझ्या नावाने तीन आठवडे नीट जेवले नाही. आता पत्र वाचून एवढी हसले की शेजारीण वाटी घ्यायच्या निमित्ताने येऊन गेली. वाटी तिचीच होती.

अभ्यासक्रम चांगला आहे. साहेबांच्या पोरांचं म्हणशील तर खुद्द साहेबांनीही पहिल्या वर्षी चौथीच बांधली होती. मी ट्रेवर चिमटा आपटून सांगितलं, "परत." तेव्हापासून त्यांची माझी ओळख.

आता तुझा प्रश्न. दोन दिवस उत्तर टाळलं. तू पुन्हा विचारशील, आणि त्यानंतर पुन्हा. तेव्हा लिहून टाकते.

माझी आहे.

हसू नकोस. रागावूही नकोस. चाळीस वर्षं बायकांना दटावलं, 'इतके दिवस काय करत होतात?' आता कळलं काय करत होत्या. चादरी वाळत घालत होत्या. दोरी खाली घेत होत्या. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला आधी काय वाटलं, सांगू? बरं वाटलं. म्हटलं, चला, आपण एकट्या नाही. त्याची मग इतकी लाज वाटली की लगेच साहेबांना लिहायला बसले. तू काहीच कळवलं नव्हतंस, ते मी मनाने भरत गेले. मनात जे होतं, तेच भरलं गेलं.

तुला तपासून घे म्हणणं सोपं होतं.

मावशी


१८ जुलै

मावशी,

सोबत तिकीट आहे. २२ तारीख, सकाळची गाडी, खिडकीची जागा. मी उतरवून घ्यायला येते. साहेबांनी २३ची वेळ ठेवली आहे आणि तुला निरोप दिलाय. तो तसाच्या तसा लिहिते : "सिस्टरना सांगा, परत."

मला यात कसलीही शंका नाही. तारीख घालून लिहून ठेव.

तुझी,
शंकासूर


५ ऑगस्ट

प्रति,
व्याख्याती, गणित विभाग

२ ऑगस्ट रोजी झालेल्या मांडणीच्या इतिवृत्तातील संबंधित भाग आपल्या माहितीसाठी पाठवत आहोत.

१. प्रस्तावकांनी सुरुवातीसच सांगितले की तिसरी सही एका गैरसमजातून मिळाली असून समितीस ती अग्राह्य वाटल्यास त्यांची हरकत नाही. शल्यचिकित्सा विभागप्रमुखांनी आपली हरकत असल्याचे सांगितले. सही ग्राह्य धरण्यात आली.

२. आकृती ३ व ४ मधील फरक प्रस्तावकांनी फळ्यावर वीस मिनिटे समजावून दिला. समितीस तो समजला नाही.

३. त्यानंतर प्रस्तावकांसोबत आलेल्या, डावा हात झोळीत असलेल्या वृद्ध बाईंनी बोलण्याची परवानगी मागितली व ती मिळण्यापूर्वी बोलण्यास सुरुवात केली. त्यांनी एक दोरा काढून त्याचे एक टोक मा. अध्यक्षांना धरावयास सांगितले.

४. याच वेळी त्यांचा दूरध्वनी वाजला. 'मला अर्धंच ऐकू येतं, तू ऐक' असे म्हणून त्यांनी तो प्रस्तावकांकडे दिला. प्रस्तावकांनी तो ऐकून 'साधी आहे' असे तीन वेळा म्हटले. या विधानाचा प्रस्तावाशी संबंध समितीस समजला नाही. तथापि प्रस्तावक व विणकामाच्या शिक्षिका दोघीही रडू लागल्याने कामकाज पाच मिनिटे स्थगित ठेवण्यात आले. मा. अध्यक्षांनी या काळात दोऱ्याचे टोक सोडले नाही.

५. कामकाज पुन्हा सुरू झाल्यावर सदर बाईंनी उजव्या हाताने दोन गाठी मारल्या. दुसरा फेर उलट बाजूने घातलेली गाठ ओढल्यावर घट्ट बसली. दुसरा फेर त्याच बाजूने घातलेली गाठ सरकली. त्यानंतर त्यांनी मा. अध्यक्षांच्या बुटांकडे बोट दाखवून, 'तुमच्या नाड्या दिवसातून दोनदा सुटतात ना?' असे विचारले. मा. अध्यक्षांनी ते मान्य केले. ते गेली पन्नास वर्षे आकृती ४ बांधत असल्याचे निष्पन्न झाले.

६. आकृती ३ व ४ वेगळ्या असल्याचे समितीस एकमताने मान्य आहे.

निर्णय : अभ्यासक्रमास तीन वर्षांसाठी निधी मंजूर. मागाची खोली परीक्षा विभागाकडे देण्याचा आदेश रद्द. विणकाम शिक्षिकेची नेमणूक अभ्यासक्रमाच्या कालावधीपर्यंत कायम. अट एकच. अभ्यासक्रमाच्या नावात केवळ 'गाठ' न लिहिता 'दोऱ्याची गाठ' असे लिहावे.

सचिव, निधी समिती

(हाताने लिहिलेले : नियम सात मोडल्याबद्दलचे आपले तीन पानी पत्र मिळाले. नोंद घेतली. हसू आवरून घेतली.)


२४ ऑगस्ट

प्रिय मावशी,

तू गेल्यापासून घर रिकामं वाटतं, आणि जेवणाच्या टेबलावर पसाराही नाही. नवरा विचारतो, "त्या परत कधी येणार?" पसाऱ्याबद्दल तू त्याला जे काही ऐकवलंस, त्यानंतरही विचारतो, म्हणजे बघ.

काल पहिला तास झाला, मागाच्या खोलीतच. तेवीस मुलं-मुली आली. आठ गणिताची, नऊ वस्त्रविद्येची, सहा वैद्यकीयची. वैद्यकीयची दोघं पुढच्या बाकावर बसून भराभर लिहून घेत होती. पंधरा मिनिटांनी त्यांतल्या एकीने हात वर केला : "मॅडम, निदानाचा भाग कधी येणार?" मुख्य फलकावर कार्यालयाने अजून जुनंच नाव ठेवलंय! मी म्हटलं, "तुम्हाला उठून जायचं असलं तर जाऊ शकता." मागवाल्या बाईंनी तोवर तिच्या हातात दोरा दिला होता. ती तास संपल्यावरही बसून राहिली.

मला एक रुखरुख आहे. सगळं जुळून आलं ते माझ्या चुकीमुळे. मी नीट लिहिलं असतं तर साहेब आले नसते, सही मिळाली नसती आणि तू अजून दोरी खाली घेत राहिली असतीस. नीट न लिहिण्याचं इतकं चांगलं फळ मिळावं, हे मला पटत नाही. वहीत यावर चार पानं लिहिली. पाचवं लिहिणार होते, तेवढ्यात तुझा अर्ज टाइप होऊन आला.

तो सोबत पाठवतेय. महिन्यातून एक तास तुझा आहे. अतिथी शिक्षिका म्हणून कागदावर सही लागते. 'शैक्षणिक पात्रता' मी भरली आहे. 'विषयातील अनुभव' हा रकाना कोरा ठेवलाय, तो तूच भर. खरं तेच लिही. मनाने भरू नकोस.

तुझी,
शंकासूर


२९ ऑगस्ट

शंकासुरा,

आशीर्वाद. नमस्कार आता वाकून चालेल.

टाके उत्तम भरले. काढायच्या आधी आरशात मोजले होते, सात. सहा आकृती तीन. पाचव्याची मला शंका आहे. साहेबांना कळवलं. उलट टपाली उत्तर आलं, तेही पाकीट उघडून : 'पाचवा माझ्या हाताखालच्या पोराने घातला. त्याला तुमच्या वर्गात बसवतो.' बसव त्याला पुढच्या बाकावर.

तुझी रुखरुख वाचली. वेडी आहेस. तू चुकीचं लिहिलंस, मी चुकीचं वाचलं. दुसरा फेर उलट बाजूने पडला म्हणून बसली. दोघी बरोबर असतो तर सरकली असती. हे पाचव्या पानावर लिही आणि वही मीट.

अर्ज भरून पाठवतेय. रकान्यात जागा बोटभर आणि वर लिहिलंय, 'थोडक्यात लिहावे'. शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, चाळीस वर्षांचा अनुभव लिहा, मोठा आकडा दिसतो. तो लिहिलाच. पण तू खरं ते लिही म्हणालीस, म्हणून पुढे एक ओळ वाढवली. रकान्याबाहेर गेली आहे, कार्यालयाला चालवून घ्यायला सांग :

'चाळीस वर्षे बांधल्या. पाच महिने एक लपवली. दोन्ही शिकवू शकेन.'

तासाच्या पंधरा दिवस आधी कळव. आता थांबते, धुणं निघालंय. सकाळी स्टुलावर चढून दोरी पुन्हा पहिल्या, वरच्या खुंटीला बांधली. माझी मीच, दोन्ही हातांनी. शेजारीण खालून ओरडत होती, "पडाल!" मी म्हटलं, "बाई, आकृती तीन आहे. ओढून बघ."

मावशी